क्राऊन गॉलला कॅन्सर म्हणावे का? एका शब्दाचे प्रकरण

१९०७ सालच्या एप्रिल महिन्यात ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकात तीन पानांचा एक लेख छापून आला. लिहिणारे दोघे, अर्विन स्मिथ आणि सी. ओ. टाउनसेंड, अमेरिकेच्या कृषी खात्यात वॉशिंग्टनला काम करत होते. पॅरिस डेझी नावाच्या फुलझाडावर ज्या खडबडीत गाठी येतात (त्यांनाच क्राऊन गॉल म्हणतात) त्या एका जिवाणूमुळे येतात, एवढेच लेखाचे म्हणणे होते. त्या जिवाणूला त्यांनी नाव दिले ‘बॅक्टेरियम ट्युमेफेशिएन्स’, म्हणजे ट्यूमर घडवणारा. लेखाच्या मथळ्यातही ‘प्लँट ट्यूमर’ हाच शब्द होता. पाच वर्षांनी, १९१२ मध्ये, स्मिथ आणखी पुढे गेले. या गाठीच्या रचनेवर आणि वाढीवर कृषी खात्याने जी सविस्तर पुस्तिका काढली, तिच्या शीर्षकातच त्यांनी गाठीला वनस्पतींचा कॅन्सर ठरवले.

हा शब्द त्यांनी वापरायला हवा होता का, हे या प्रकरणाचे मूळ. वरवर पाहता वाद नावाचा आहे. पण पुढची सत्तर वर्षे प्रयोगशाळांमध्ये कोणता प्रश्न विचारायचा हे त्या नावाने बऱ्याच अंशी ठरवले, आणि आजही ‘झाडांना कॅन्सर होतो का’ असे कोणी विचारले की उत्तर याच गाठीपाशी येऊन थांबते. माझे मत आधीच मांडतो. स्मिथ यांचा निष्कर्ष चुकला, पण त्यांनी उचललेला शब्द वाया गेला नाही. ‘कॅन्सर’ या एका शब्दात तीन वेगवेगळे दावे एकत्र बांधलेले असतात. ते सुटे केले की क्राऊन गॉल नेमका कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, ते स्पष्ट दिसते.

गाठ म्हणजे नेमके काय

आपल्याकडे दवाखान्यात ‘गाठ आहे’ एवढे ऐकले की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. वास्तविक वैद्यकात गाठीचे कितीतरी प्रकार आहेत. त्वचेखाली सरकणारी चरबीची गाठ निरुपद्रवी असते. मानेत क्षयामुळे येणाऱ्या गाठींना जुनी माणसे गंडमाळा म्हणत. त्या जंतूंच्या असतात आणि क्षयाच्या औषधांनी बऱ्या होतात. तरुण मुलींच्या स्तनात येणारी फायब्रोॲडेनोमाची गाठ ही पेशींची वाढ असली तरी ती आपली हद्द सोडत नाही. आणि मग ती गाठ, जिची खरी भीती असते. ‘ट्यूमर’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थही नुसता ‘सूज’ एवढाच आहे. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची जी चार लक्षणे सांगितली, लाली, सूज, उष्णता आणि वेदना, त्यांतली सूज म्हणजे ट्यूमर. आज डॉक्टर हा शब्द पेशींच्या नव्या, ताबा सुटलेल्या वाढीसाठी राखून ठेवतात. अर्थ असा आक्रसत आला, पण शब्द तोच राहिला.

झाडांच्या बाबतीत तर आपला शेतकरी रोज वेगवेगळ्या गाठी पाहतो. भुईमूग किंवा हरभरा उपटला की मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यातली एखादी नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला की पीक हवेतला नत्र बांधते आहे, हे कळते. ती गाठ हवीहवीशी. टोमॅटोच्या किंवा डाळिंबाच्या मुळांवरच्या वेड्यावाकड्या गाठी मात्र सूत्रकृमीच्या. आंब्याच्या पानांवर मिजमाशीमुळे फोडांसारख्या गाठी येतात. आणि ज्यांचा शेतीशी काही संबंध नाही त्यांच्या घरातही झाडाच्या गाठी असतात, फक्त त्या गाठी आहेत हे माहीत नसते. बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ हे फळ नव्हेच. पश्चिम आशियातल्या एका ओक वृक्षाच्या कोवळ्या फांदीवर गांधीलमाशीच्या जातीचा एक इवलासा कीटक अंडे घालतो, आणि आतल्या अळीभोवती झाड जी टणक, तुरट गोळी बांधते ते मायफळ. लहान मुलांच्या खोकल्या-तापावर देतात त्या बालचातुर्भद्र चूर्णातली काकडशिंगी ही हिमालयातल्या एका झाडावर माव्यामुळे तयार होणारी पोकळ, शिंगासारखी गाठ आहे. तिचे संस्कृत नाव कर्कटशृंगी, कर्कट म्हणजे खेकडा. कॅन्सर या शब्दाचा अर्थही खेकडाच. ग्रीक वैद्यांनी आजाराला खेकड्याचे नाव दिले, आपण त्याचेच कर्करोग केले, आणि झाडावरच्या एका औषधी गाठीला तो खेकडा आपल्याकडे स्वतंत्रपणे येऊन चिकटला. यात कार्यकारण काही नाही, पण काष्ठौषधींच्या दुकानात काकडशिंगी पाहिली की हे आठवल्यावाचून राहत नाही.

या सगळ्या गाठींत एक गोष्ट समान आहे, आणि पुढच्या प्रकरणात तिचेच महत्त्व आहे. गाठ वाढत राहण्यासाठी पाहुणा आत जिवंत असावा लागतो. मायफळातली अळी मेली की गोळीची वाढ थांबते. सूत्रकृमीची मादी ज्या पेशींवर पोसते त्या फुगतात ते तिच्या स्रावामुळे. म्हणजे वाढीचा हुकूम बाहेरून येतो, आणि हुकूम देणारा गेला की काम बंद.

स्मिथ यांची बाजू

क्राऊन गॉल खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या जागी, म्हणजे जमिनीलगत, जास्त येतो. पीच, बदाम, रास्पबेरी, द्राक्ष, गुलाब अशा बऱ्याच झाडांवर तो दिसतो. सुरुवातीला गाठ मऊ आणि फिकट असते; पुढे ती लाकडासारखी टणक, काळपट आणि भेगाळलेली होते. अमेरिकेतल्या रोपवाटिकांना याचा मोठा त्रास होता. कारणाचा पत्ता नव्हता. १९०० मध्ये ॲरिझोनातल्या टूमी यांनी बदामावरच्या गाठीचे खापर एका श्लेष्मकवकावर, म्हणजे बुरशीसारख्या दिसणाऱ्या बुळबुळीत जिवावर, फोडले होते. त्याआधी इटलीत काव्हारा यांनी द्राक्षावरच्या गाठीतून जिवाणू वेगळा काढला होता, पण तो धागा पुढे नीट ओढला गेला नाही.

स्मिथ (१८५४–१९२७) हे लढून झालेले शास्त्रज्ञ होते. जिवाणूंमुळे वनस्पतींना रोग होतात हेच मुळात अनेकांना मान्य नव्हते. जर्मनीतले आल्फ्रेट फिशर तर हे अशक्य म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्मिथ यांनी त्यांच्याशी छापील वाद घातला आणि पुराव्यांच्या जोरावर जिंकला. त्यांच्या प्रयोगशाळेत नेली ब्राउन, लुसिया मॅक्युलॉक अशा स्त्री-संशोधक होत्या. त्या काळी ही सामान्य गोष्ट नव्हती, आणि क्राऊन गॉलवरच्या त्या मोठ्या पुस्तिकांवर त्यांची नावे सहलेखक म्हणून छापलेली आहेत. जिवाणू गाठीतून काढायचा, शुद्ध वाढवायचा, निरोगी झाडाला टोचायचा, गाठ आली की त्यातून तोच पुन्हा काढायचा, असे जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या पद्धतीचे काम या मंडळींनी चोख केले. जिवाणूबद्दल स्मिथ पूर्ण बरोबर होते.

मग सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचे छेद पाहिले तेव्हा त्यांना विलक्षण दृश्य दिसले. पेशी भराभर विभागत होत्या, त्यांना ना दिशा ना शिस्त, आणि जिवाणू मात्र जवळपास दिसतच नव्हते. ऑलिव्हवरच्या जिवाणूजन्य गाठीत पोकळ्या जिवाणूंनी भरलेल्या असतात; इथे तसे काही नाही. स्मिथ यांनी अंदाज बांधला की जिवाणू पेशींच्या आत थोड्या संख्येने राहतो आणि पेशीला विभागत राहायला भाग पाडतो. डेझीच्या खोडाला टोचले तर दूर पानावर दुसरी गाठ येते आणि दोन्हींना जोडणारा पेशींचा एक पट्टा छेदात दिसतो, हेही त्यांनी नोंदवले. एका ठिकाणचा कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरतो, तसेच त्यांना हे वाटले. ताबा सुटलेली वाढ आणि दूरवर पसरणे अशी दोन्ही लक्षणे हाती आली, आणि त्यांनी शब्द उचलला.

त्या काळाचा विचार केला तर यात उतावीळपणा दिसत नाही. क्षयाचा जंतू सापडून जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती, दर काही महिन्यांनी एखाद्या रोगाचा जंतू हाती लागत होता. कॅन्सरचाही सापडेल ही आशा साऱ्या वैद्यकाला होती. १९११ मध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या ट्यूमरचा गाळून घेतलेला, पेशीविरहित अर्क टोचून नवी ट्यूमर निर्माण केली होती. स्मिथ यांना १९१३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वनस्पतींच्या कॅन्सरवरील कामासाठी मानपत्र दिले. शेतकी खात्यातल्या माणसाला डॉक्टरांच्या संघटनेने गौरवावे, ही त्या शब्दाचीच किमया. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ब्लुमेंटाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कॅन्सरमधून स्मिथ यांच्या जिवाणूसारखे जिवाणू मिळाल्याचेही जाहीर केले. ते टिकले नाही.

डॉक्टरांचे आक्षेप

विकृतिशास्त्रज्ञांचे, म्हणजे रोगट ऊती तपासणाऱ्या डॉक्टरांचे, आक्षेप तीन होते आणि तिन्ही वजनदार होते. माणसाच्या कॅन्सरमध्ये असा जिवाणू सातत्याने सापडत नाही, हा पहिला. दुसरा असा की क्षय आणि कुष्ठरोगातही जंतूंमुळे गाठी येतात, त्यांना कोणी कॅन्सर म्हणत नाही. मग जिवाणूमुळे आलेल्या झाडाच्या गाठीला का म्हणावे? तिसरा आक्षेप सर्वांत मूलभूत. वनस्पतीची प्रत्येक पेशी सेल्युलोजच्या भिंतीत बंदिस्त असते आणि शेजारच्या पेशीला चिकटलेली असते. ती जागा सोडून कुठे जाऊच शकत नाही. माणसाच्या शरीरात कॅन्सरची पेशी रक्तातून, लसीकेतून फिरते आणि फुप्फुसात, हाडात, यकृतात घर करते. रोग्याचा जीव जातो तो बहुतेक वेळा या पसरण्यामुळे. झाडात रस वाहतो, पेशी वाहत नाहीत. मग डेझीच्या पानावरची दुसरी गाठ? ती मूळ गाठीतून सुटून आलेल्या पेशींची नव्हती, त्याच वाटेवर जागच्या जागी वाढलेल्या पेशींची होती. १९२० च्या दशकात आणखी एक गोष्ट पक्की झाली: जिवाणू पेशींच्या आत नसून पेशींच्या मधल्या जागांत राहतो. स्मिथ यांच्या उपपत्तीचा पायाच त्यामुळे सरकला.

१९२७ मध्ये स्मिथ वारले. त्याच्या आधीच्या वर्षाचे वैद्यकाचे नोबेल योहानेस फिबिगर यांना, उंदरांना कृमींमुळे कॅन्सर होतो या शोधासाठी मिळाले होते, आणि तो शोध पुढे चुकीचा ठरला. परजीवींमुळे कॅन्सर होतो ही कल्पनाच त्यानंतर बदनाम झाली. क्राऊन गॉल पुन्हा शेतकी खात्याच्या फायलीत गेला. प्रकरण इथे संपले असते.

आर्मिन ब्रॉन आणि सदाफुली

ते संपले नाही, याचे कारण रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टनमधल्या प्रयोगशाळेत काम करणारे आर्मिन ब्रॉन. या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत प्रिय असलेला भाग हाच आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

ब्रॉन यांनी स्मिथ यांचा शब्द घेतला, पण निष्कर्ष म्हणून नव्हे. त्यांनी विचारले: ही गाठ खरोखर ट्यूमर असेल, तर जिवाणू काढून घेतल्यावरही ती वाढत राहिली पाहिजे. राहते का? सूर्यफुलाच्या झाडावर टोचलेल्या जागेपासून दूर येणाऱ्या काही गाठींत जिवाणू अजिबात नसतात. फिलिप व्हाइट आणि ब्रॉन यांनी १९४१–४२ मध्ये अशा निर्जंतुक गाठीचे तुकडे काचपात्रात, साखर, क्षार आणि थोडी जीवनसत्त्वे एवढ्याच खाद्यावर वाढवले. निरोगी सूर्यफुलाच्या पेशी त्या खाद्यावर वाढत नाहीत. त्यांना वाढीची संप्रेरके वेगळी द्यावी लागतात. गाठीच्या पेशी कशाचीही वाट न पाहता वाढत राहिल्या. तो तुकडा निरोगी झाडावर कलम केला तर तिथेही गाठच झाली. जिवाणू कुठेच नव्हता.

मायफळातली अळी मेली की वाढ थांबते. इथे जिवाणू गेला तरी वाढ चालू. वाढीचा हुकूम आता पेशीच्या आतच लिहिला गेला होता.

केव्हा लिहिला गेला, हे ठरवायला ब्रॉन यांनी निवडले ते झाड आपल्या अंगणातले: सदाफुली. मूळची मादागास्करची, उन्हात, दगडमातीत, नाल्याकाठी कुठेही फुलणारी. ती ४६-४७ अंश सेल्सिअस तापमान काही दिवस सहन करते, जिवाणू मात्र तेवढ्या उष्णतेत मरतो. सदाफुलीला जिवाणू टोचायचा आणि वेगवेगळ्या वेळांनी तिला उष्णतेत ठेवायचे. टोचल्यावर दिवसभरात जिवाणू मारला तर गाठ येत नाही. दीड-दोन दिवसांनी मारला तर लहान, मंद वाढणारी गाठ येते. तीन-चार दिवसांनी मारला तरी फरक पडत नाही, गाठ पूर्ण वेगाने वाढते. म्हणजे जिवाणू पहिल्या काही दिवसांत पेशीला काहीतरी देतो आणि त्याचे काम संपते. ते ‘काहीतरी’ काय, हे ब्रॉन यांना कळले नव्हते. १९४७ मध्ये त्यांनी त्याला ‘ट्यूमर सुरू करणारे तत्त्व’ असे कामचलाऊ नाव दिले.

याच सदाफुलीची दुसरी बाजू साऱ्यांना ठाऊक आहे. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर जमैकातून आलेल्या सदाफुलीच्या पानांचा अर्क तपासत होते. लोक ती पाने मधुमेहावर वापरत. मधुमेहावर काही उपयोग दिसला नाही, पण प्रयोगातल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन मिळाले, आणि पुढे औषध कंपनीच्या संशोधकांनी व्हिनक्रिस्टिन वेगळे केले. पेशी विभागताना गुणसूत्रांना ओढणारे जे सूक्ष्म धागे तयार होतात, ते ही औषधे बनूच देत नाहीत. हॉजकिनचा आजार आणि लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर यांवर ती आजही दिली जातात. एकाच झाडाने एका प्रयोगशाळेत ट्यूमर कशी सुरू होते ते दाखवले आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतून ट्यूमरवर औषध पुरवले.

१९५९ मध्ये ब्रॉन यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि कॅन्सर या शब्दाच्या अर्थावर त्याने सर्वांत खोल प्रश्न उभा केला. तंबाखूवर अशा काही गाठी येतात ज्यांतून अर्धवट, वेडेवाकडे कोंब फुटतात. त्यांनी अशा गाठीतली एकच पेशी वेगळी वाढवली, म्हणजे मिश्रणाची शंका नको. तिच्यापासून आलेले कोंब निरोगी तंबाखूच्या छाटलेल्या शेंड्यावर कलम केले, त्यातला कोंब पुन्हा दुसऱ्या झाडावर, मग तिसऱ्या. हळूहळू कोंब सरळ झाले, फुलले, त्यांना बी धरले आणि त्या बियांतून निरोगी रोपे उगवली. ट्यूमरची पेशी निरोगी शेजारात वाढवली तर वळणावर येऊ शकते, हे त्यांनी वनस्पतीत दाखवले. तेव्हा वैद्यकात हे मानायला फारसे कोणी तयार नव्हते. तीसेक वर्षांनी शांघायमध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर जीवनसत्त्व ‘अ’ च्या कुळातले औषध देऊन पेशी मारण्याऐवजी त्यांना परिपक्व करण्याचा उपचार यशस्वी झाला. ब्रॉन यांच्या प्रयोगातून तो आला असे मी म्हणणार नाही. पण दोन्हींमागचा विचार एकाच जातीचा आहे.

तत्त्व सापडले

‘तत्त्व’ म्हणजे डीएनए निघाले. १९७४ मध्ये बेल्जियममधल्या गेंट इथे जेफ शेल आणि मार्क व्हान मोंटाग्यू यांच्या गटाला गाठ आणणाऱ्या जिवाणूंत एक भलेमोठे वर्तुळाकार डीएनए सापडले. गाठ न आणणाऱ्या जिवाणूंत ते नव्हते. १९७७ मध्ये सिएटलमध्ये मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्या वर्तुळाचा एक तुकडा झाडाच्या पेशीच्या डीएनएमध्ये जाऊन बसलेला असतो. झाडाला जखम झाली की पेशींतून विशिष्ट रसायने पाझरतात, जिवाणूला त्यांचा सुगावा लागतो आणि तो आपला डीएनएचा तुकडा पेशीत ढकलतो. त्या तुकड्यात ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही वाढीची दोन संप्रेरके बनवणारी जनुके असतात. पेशी स्वतःच संप्रेरके बनवू लागते आणि विभागत राहते. सोबत ओपाइन नावाची द्रव्ये बनवणारी जनुकेही असतात. ही द्रव्ये झाडाच्या काही कामाची नाहीत, जिवाणूला मात्र ती खायला लागतात. जिवाणूने झाडाच्या पेशीला आपले स्वयंपाकघर बनवलेले असते.

हा मार्ग कळल्यावर वैज्ञानिकांनी संप्रेरकांची जनुके काढून त्या जागी हवे ते जनुक ठेवायला सुरुवात केली. १९८३ पासून वनस्पतींत जनुके घालण्याचे ते मुख्य साधन झाले. भारतात २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कापसात बोंडअळीविरोधी जनुक याच जिवाणूच्या वाटेने गेलेले होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या शेतांपर्यंत स्मिथ यांची गाठ अशी येऊन पोहोचली.

तीन दावे सुटे केले तर

आता मूळ प्रश्न. कॅन्सर म्हणताना आपण तीन गोष्टी एकदम म्हणत असतो. गाठ आहे आणि तिला शिस्त नाही, हा पहिला दावा. बाहेरचे कारण निघून गेले तरी पेशी आपल्या बळावर वाढतात, हा दुसरा. त्या शेजारच्या ऊतीत घुसतात आणि शरीरात दूर जाऊन बसतात, हा तिसरा. स्मिथ यांना पहिला दिसला आणि तिसरा दिसल्यासारखा वाटला. खरा जो लागू होता तो दुसरा, आणि तो त्यांच्या हयातीत सिद्ध झाला नाही. तिसरा लागू नाही. भिंतीत बंद पेशी असलेल्या जिवाला तो लागू होणारही नाही.

म्हणून क्राऊन गॉलला ट्यूमर म्हणणे मला पूर्ण योग्य वाटते, कॅन्सर म्हणणे नाही. शाळा-महाविद्यालयांच्या पुस्तकांत अजूनही ‘वनस्पतींचा कॅन्सर’ असे लिहिलेले आढळते, ते बदलायला हवे. कॅन्सर म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर मरण येते. क्राऊन गॉल झालेले मोठे झाड अनेकदा वर्षानुवर्षे जगते. त्याचे पाणी आणि अन्न अडते, ते खुरटते, कोवळी रोपे मात्र मरू शकतात.

दुसऱ्या टोकाला, स्मिथ यांना पूर्ण चूक ठरवणेही अन्यायाचे आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषाणू, एचपीव्ही, आपली जनुके पेशीत आणतो. पुष्कळदा ती पेशीच्या डीएनएत जाऊन बसतात आणि पेशीचे लगाम सोडतात. हाराल्ड त्सुर हाउझन यांना त्यासाठी २००८ मध्ये नोबेल मिळाले. जठरातला हेलिकोबॅक्टर हा जिवाणू कॅन्सरकारक म्हणून १९९४ पासून मान्य आहे. त्याची वाट मात्र वेगळी, तो वर्षानुवर्षे दाह धुमसत ठेवतो. बाहेरचा सूक्ष्मजीव पेशीचा स्वभाव बदलू शकतो, एवढे स्मिथ यांनी फार आधी म्हटले होते. माणसाच्या बहुतेक कॅन्सरला हे लागू नाही. तिथे पेशीच्या स्वतःच्याच जनुकांत वर्षानुवर्षे बिघाड साचत जातात.

बागायतदाराने काय समजायचे

या गाठीमुळे माणसाला कॅन्सर होईल का, असे विचारणारे असतात. गाठ असलेल्या झाडाचे फळ खाल्ल्याने काही होत नाही. जिवाणूचे काही भाईबंद प्रतिकारशक्ती ढासळलेल्या, शरीरात नळ्या बसवलेल्या रुग्णांच्या रक्तात क्वचित सापडतात, पण तो साधा जंतुसंसर्ग असतो, त्यातून ट्यूमर होत नाही. २००१ मध्ये प्रयोगशाळेत माणसाच्या हेला पेशींत (प्रयोगांसाठी वाढवल्या जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशींत) हा जिवाणू डीएनए पोहोचवू शकतो असे दिसले आहे. ते काचपात्रातले, मुद्दाम जुळवून आणलेल्या स्थितीतले निरीक्षण आहे.

गुलाबाची किंवा द्राक्षाची रोपे करणाऱ्याच्या मात्र हे प्रकरण थेट कामाचे आहे. गाठ दिसल्यावर तिच्यावर प्रतिजैविकाची फवारणी केली तर गाठ जात नाही, कारण तोवर जिवाणूची गरजच संपलेली असते. उपाय आधीचा: कलम बांधताना आणि छाटताना जखमा कमी करणे, चाकू-कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करणे, गाठाळ रोपे उपटून जाळणे आणि त्या जागी काही हंगाम ज्वारी-मक्यासारखी तृणधान्ये घेणे, कारण निसर्गात हा जिवाणू त्यांवर गाठ आणत नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या ॲलन केर यांनी १९७० च्या दशकात याच कुळातला, पण गाठ न आणणारा के-८४ नावाचा जिवाणू शोधला. लावण्याआधी रोपांची मुळे त्याच्या द्रावणात बुडवली की पीच, बदाम, गुलाब यांचे रक्षण होते. द्राक्षावर येणारा जिवाणू वेगळ्या जातीचा असल्याने के-८४ त्याच्यापुढे चालत नाही, आणि तो वेलीच्या आतच राहून काडीबरोबर नव्या बागेत जातो. म्हणून द्राक्षात पहिली आणि मुख्य काळजी एकच: खुंट आणि डोळकाडी निरोगी मातृवेलीचीच घेणे.